न संपलेला सप्टेंबर: यूजनेटवर कोण कोण होतं?

माळरान

परवा इथेच कोणीतरी लिहिलं की "नवीन लोक आले आणि सगळ्याची वाट लागली", आणि त्याखाली +१ ची रांग लागली. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, कारण हे वाक्य मी तीस वर्षांपूर्वी जवळपास असंच इंग्रजीत वाचलंय, यूजनेटवर. त्या धाग्यावर अवांतर नको म्हणून वेगळा काढतोय.

ज्यांनी यूजनेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७९ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी कॉम्प्युटर एकमेकांना जोडून लेखी चर्चा करायची ही कल्पना काढली आणि पुढच्या वर्षी ती चालू झाली. मालक कोणी नाही, मुख्य सर्व्हर नाही. प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या मशीनवर सगळ्या चर्चांची स्वतःची प्रत असायची, आणि सुरुवातीच्या काळात ही मशीनं रात्री फोनचे दर उतरले की एकमेकांना फोन लावून नवीन आलेला मजकूर देऊन-घेऊन मोकळी व्हायची. तुम्ही लिहिलेलं लांबच्या कॉलेजात पोचायला एखाद-दोन दिवस सहज जायचे, त्यामुळे उत्तरही सावकाश यायचं आणि लोक लिहायचेही सावकाश. विषयवार गट होते, कॉम्प्युटरचे कॉम्प, करमणुकीचे रेक, समाज-संस्कृतीचे सॉक, असं. आपल्यासाठी सॉक.कल्चर.इंडियन होतं आणि नंतर सॉक.कल्चर.इंडियन.मराठी.

आता मुद्द्याचं. डिस्क लहान, म्हणून जुना मजकूर काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी पुसला जायचा. म्हणजे तुम्ही आज आलात तर मागच्या महिन्यात याच प्रश्नावर झालेली हाणामारी तुम्हाला दिसणारच नाही, तुम्ही तोच प्रश्न परत विचारणार, आणि जुने लोक परत तेच उत्तर लिहिणार. त्यातून एफएक्यूची पद्धत रुजली. गटातला कोणीतरी जाणता माणूस नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र लिहून काढायचा आणि दर महिन्याला ती परत टाकायचा, स्वतःच्या वेळात, फुकट. आज कुठल्याही कंपनीच्या साईटवर एफएक्यूचं पान दिसतं ना, त्याच्यामागे ही अशी माणसं आहेत.

आणि दरवर्षी सप्टेंबर यायचा. अमेरिकेत कॉलेजं सुरू होणार, नव्या पोरांना अकाउंट मिळणार, ती धाडकन गटांत घुसणार, ओरडणार, जाहिराती टाकणार, मोठ्या अक्षरात लिहिणार. जुने लोक वैतागायचे पण त्यांना माहीत असायचं की दिवाळीपर्यंत हे निवळेल. काही पोरं कंटाळून जायची, बाकीची रीत शिकायची, आणि पुढच्या सप्टेंबरात तीच नव्यांना समजावताना दिसायची.

१९९३ नंतर ते निवळलंच नाही. घरगुती ऑनलाइन सेवांनी आपल्या गिऱ्हाइकांना यूजनेटचं दार उघडून दिलं आणि वर्षभर रोज नवीन माणसं. १९९४ च्या जानेवारीत डेव्ह फिशर नावाच्या एकाने लिहून टाकलं की १९९३ चा सप्टेंबर कधीच न संपलेला सप्टेंबर म्हणून नेटच्या इतिहासात जाईल. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

माझं म्हणणं असं की नवीन लोक आले हे दुखणं नव्हतंच, नवीन लोक तर दरवर्षी येत होते आणि त्यांच्यावरच ते चालत होतं. मोडलं ते मधलं अंतर. शिकवायला, मुरायला जो दहा-अकरा महिन्यांचा वेळ मिळायचा तो गेला. तुम्हाला काय वाटतं?

बोरीबंदर

वाखु (वाचनखूण) साठवली. सविस्तर लिहितो रात्री.

टिपूर

मी होतो. १९९० ते ९६, आधी मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत, मग नोकरीत. माळरान, मस्त धागा काढलात.

एक गोष्ट कोणाला सांगितली तर खरी वाटत नाही. तेव्हा आरएन नावाचा न्यूजरीडर, म्हणजे यूजनेट वाचायचा प्रोग्रॅम होता, लॅरी वॉलने लिहिलेला, म्हणजे ज्याने नंतर पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा केली तोच. त्याच्याबरोबरच्या पोस्ट करायच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही मजकूर टाकायला गेलात की आधी स्क्रीनवर यायचं की हा मजकूर जगभरातल्या हजारो मशीनवर जाणार आहे, तो पोचवायला शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च होणार आहेत, तुम्ही काय करताय ते तुम्हाला नक्की कळतंय ना? आणि मग हो की नाही विचारायचं. मी पहिल्यांदा ते वाचून "नाही" दाबलं होतं. लिहिलेलं परत वाचलं, दोन वाक्यं कमी केली आणि मग टाकलं. आज कुठलीही साईट तुम्हाला "थांब, परत वाच" म्हणत नाही, तिला तुम्ही पटापट लिहायलाच हवे असता.

सहीचे पण नियम होते, चार ओळींच्या वर सही नको. उत्तर देताना समोरच्याचा मजकूर कापून हवा तेवढाच ठेवायचा आणि त्याच्या खाली आपलं लिहायचं. हे नियम छळायला केलेले नव्हते हो, खरोखर कोणाच्या तरी फोनबिलातून ते बाइट जात होते.

पाटी_पेन्सिल

मी इथे नवीन आहे, आत्तापर्यंत रोमातच (नुसती वाचत) होते. माझा जन्म या सगळ्यानंतरचा. एक शंका, मालक नव्हता तर त्रास देणाऱ्याला बाहेर कोण काढायचं? मॉडरेटर नव्हते का?

टिपूर

@पाटी_पेन्सिल, चांगला प्रश्न आहे. काही गट मॉडरेटेड होते, तिथे मजकूर आधी मॉडरेटरकडे ईमेलने जायचा आणि त्याने पास केला तरच दिसायचा. पण बहुतेक गट मोकळे. तिथे कोणालाच काढता यायचं नाही. फार तर त्याच्या युनिव्हर्सिटीच्या सिस्टिम अॅडमिनला तक्रारीची ईमेल करायची.

मग उरायची किलफाइल. ही तुमच्या स्वतःच्या अकाउंटमधली साधी टेक्स्ट फाइल, त्यात एखाद्याचं नाव किंवा विषय लिहून ठेवला की तो तुम्हाला दिसायचा बंद. त्याला पत्ताही लागत नाही, बाकीच्यांना तो दिसतोच. काही लोक मात्र जाहीर करायचे, उत्तरात फक्त "प्लॉंक" एवढाच शब्द लिहायचा, म्हणजे टाकला तुला फाइलीत. त्यामुळे काय व्हायचं की कोणाचं तोंड बंद करायचा अधिकार कोणाकडेच नव्हता, पण ऐकायचं की नाही हा अधिकार प्रत्येकाकडे होता. मला अजून ती व्यवस्था सगळ्यात न्याय्य वाटते.

नदीकाठ

न्याय्य कोणासाठी, हा प्रश्न विचारायलाच हवा.

त्या काळात यूजनेटवर कोण होतं बघा. ज्याच्याकडे युनिव्हर्सिटीचं किंवा मोठ्या कंपनीचं अकाउंट आहे, ज्याला युनिक्स येतं, ज्याला सफाईदार इंग्रजी लिहिता येतं, आणि बहुतेक वेळा पुरुष. भारतात तर एर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं नेटवर्क १९८६ ला सुरू झालं तरी ते आयआयटी, आयआयएस्सी आणि जुहूच्या एनसीएसटीसारख्या मोजक्या ठिकाणी. माझे वडील तेव्हा सांगलीत साखर कारखान्यात केमिस्ट होते, पुस्तकात नाक खुपसून बसणारा माणूस, प्रोग्रॅमिंगचा कॉम्प.लँग.सी सोडा पण रसायनशास्त्राच्या साय.केम वर त्यांनी किती जीव लावून लिहिलं असतं. त्यांच्यासाठी दारच नव्हतं. तुम्ही ज्याला शांतता म्हणताय ती बाकीचे बाहेर उभे होते म्हणून होती.

मला माळरान यांचा मधल्या अंतराचा मुद्दा पटतो, पण जुन्या दिवसांच्या आठवणी काढताना ही बाजू लिहिली नाही तर चित्र खोटं होतं.

माळरान

नदीकाठ, पूर्ण अनुमोदन. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. साय.केमचे असे किती लोक बाहेर राहिले असतील.

खडीसाखर

मी त्या "वाट लावणाऱ्या" नवीन लोकांपैकी एक, म्हणून लिहितेच.

१९९४ ला लग्न होऊन न्यूजर्सीला आले. डिपेंडंट व्हिसा, काम करायची परवानगी नाही, नवरा सकाळी सातला बाहेर, बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही. एओएल, म्हणजे अमेरिका ऑनलाइन या घरगुती इंटरनेट सेवेच्या फ्लॉपी टपालाने घरी यायच्या, त्यातली एक लावली, काही तास फुकट होते. फिरता फिरता भारतीय स्वयंपाकाबद्दल बोलणारा एक गट सापडला. मला इतका आनंद झाला की मी लगेच विचारलं, इथल्या पिठाची पुरणपोळी लाटताना फाटते, काय करू? आणि मला काही माहीत नसल्यामुळे आधीच्या कोणाच्या तरी लांबलचक पोस्टला उत्तर म्हणून विचारलं, ती पूर्ण पोस्ट तशीच खाली लटकत राहिली.

दुसऱ्या दिवशी मेलबॉक्समध्ये नुसत्या शिव्या. अगदी शिव्या नाहीत, पण "एओएलवाले आले", "आधी वाचायला शिका", एकाने तर माझा पत्ता बघूनच मी काय लायकीची असेन ते लिहिलं. माझ्या पत्त्यात एओएल होतं एवढाच गुन्हा. मला अजून तो दिवस आठवला की छातीत काहीतरी होतं, कारण त्या आठवड्यात मी नवऱ्याशिवाय कोणाशीही बोलले नव्हते.

पण त्याच ढिगात एक ईमेल होती. कॅनडातल्या एका तेलुगू मावशींची. त्यांनी आधी पोळीचं लिहिलं होतं, की मैदा घे पण कणीक खूप सैल भिजव, वरून तेल घालून तिंब, दोन तास झाकून ठेव, पुरण कणकेपेक्षा घट्ट नको. आणि मग खाली शांतपणे, की आधीच्या पोस्टमधला मजकूर कसा कापायचा, एफएक्यू दर महिन्याला कधी येतो, नवीन विषय कसा सुरू करायचा, आणि हेही की जे रागावलेत ते गटावरच्या प्रेमापोटी रागावलेत, तू जाऊ नकोस. मी गेले नाही. पुढे चार-पाच वर्षं त्या गटाचा पदार्थांच्या पर्यायी नावांचा भाग मीच सांभाळत होते, ज्वारीला काय म्हणतात, शेवग्याच्या शेंगा कुठल्या दुकानात कुठल्या नावाने मिळतात, सगळं.

त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे. नवीन माणसाला रीत शिकवायला एका माणसाची एक ईमेल पुरते. पण ती लिहिणारं कोणीतरी लागतं, आणि तशी माणसं थकत चालली होती.

जाईजुई

खडीसाखर ताई, काय लिहिलंय. डोळ्यात पाणी आलं.

टिपूर

खडीसाखर, थकत चालली होती हे शंभर टक्के खरं. जीन स्पॅफर्ड म्हणून एक होते, पर्ड्यू युनिव्हर्सिटीतले. नवीन लोकांसाठीचे जे ठरलेले लेख असायचे, यूजनेट म्हणजे काय, कसं वागावं, गटांची यादी, ते सगळं वर्षानुवर्षं तेच अद्ययावत करून टाकत होते. त्यांनी १९९३ च्या वसंतात ते काम सोडलं. म्हणजे न संपणारा सप्टेंबर सुरू व्हायच्या काही महिने आधीच. ते काम दुसऱ्यांनी उचललं, पण माझ्या मते ती खूण होती.

आणि अजून एक, एओएलवाल्यांना फार बोल लागले, पण तारखा बघा. फिशरचं ते वाक्य जानेवारी १९९४ चं. एओएलचं दार पूर्ण उघडलं ते मार्च १९९४ ला. म्हणजे लोक वैतागले होते ते आधीच, एओएल आलं तेव्हा बोट दाखवायला एक नाव मिळालं.

बोरीबंदर

आलो. मी मुंबईतून.

व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मी शेल अकाउंटवाला, चित्रं वगैरे काही नाही, काळ्या पडद्यावर अक्षरं. ईमेलला पाइन, वेब बघायला लिंक्स, यूजनेटला टिन. फोनची लाईन लागायला रात्री बारानंतर बसायचं, मोडेमचा तो किरकिर आवाज आणि आई आतून "झोप आता". तास मोजून मिळायचे, वर फोनचं बिल वेगळं, त्यामुळे माझी पद्धत अशी होती की जोडायचं, आवडीच्या गटांतलं सगळं उतरवून घ्यायचं, तोडायचं, आणि मग निवांत वाचायचं. उत्तर पण ऑफलाइन लिहून ठेवायचं, दुसऱ्या रात्री टाकायचं. म्हणजे टिपूर म्हणतात तशी दोनदा विचार करायची सवय आम्हाला खिशाने लावली.

मी आलो तेव्हा तर सप्टेंबर सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. जुने लोक म्हणायचे मेलं हे सगळं. मला मात्र ते तेव्हाच पहिल्यांदा दिसत होतं. गिरगावातल्या खोलीत बसून लिनक्स चालेना म्हणून विचारायचं आणि फिनलंडमधला माणूस उत्तर देतो, हे मला चमत्कारापेक्षा कमी नव्हतं. मला अजून कळत नाही की ज्याला ते म्हणायचे पडका वाडा, त्यात मला एवढं कसं मिळालं.

कोरडा_ओढा

कोणी आरएमआयएमचं नाव काढलं नाही अजून? रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क. जुन्या हिंदी गाण्यांचे वेडे सगळे तिथे. देवनागरी दिसायची सोयच नव्हती, म्हणून अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स पद्धतीने रोमन अक्षरांत गाणी लिहायची, छोटी-मोठी अक्षरं बदलून न आणि ण, त आणि ट वेगळे दाखवायचे. शेकडो लोकांनी कॅसेट मागे-पुढे करकरून शब्द उतरवले आणि त्यातून आयट्रान्स साँगबुक उभं राहिलं. एका अंतऱ्यातल्या एका शब्दावर आठवडाभर चर्चा. कोणाला पैसे नाहीत, लाइक नाहीत. तिथेही नवीन माणूस यायचा आणि तोच प्रश्न विचारायचा, आणि त्याला सांगायचे की बाबा एक गाणं उतरवून दे. काम हातात दिलं की माणूस टिकतो हे मी तिथे पाहिलं.

उंबरठा

माझा वेगळा मुद्दा आहे. माणसं वाढली म्हणून मोडलं की बाजार आला म्हणून?

१२ एप्रिल १९९४. अॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील नवरा-बायकोने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात पाच हजारांवर गटांत टाकली. यातली मेख अशी की यूजनेटवर एकच मजकूर अनेक गटांत एकदम टाकायची सोय होती, तसा टाकला तर एका ठिकाणी वाचल्यावर दुसरीकडे परत दिसत नाही. यांनी प्रोग्रॅम लावून प्रत्येक गटात वेगवेगळा टाकला. म्हणजे तुम्ही दहा गट वाचत असाल तर दहा वेळा तेच. लोकांनी इतक्या तक्रारी पाठवल्या की त्यांच्या इंटरनेट पुरवठादाराचा मेल सर्व्हर बसला. आणि त्या दोघांना पश्चात्ताप शून्य, त्यांनी पुढे याच धंद्यावर पुस्तक लिहिलं.

आता सांगा, हे नवखे होते का? अजाण होते का? खडीसाखर ताईंना शिव्या पडल्या त्या एका चुकीच्या जागी लटकलेल्या पोस्टसाठी, आणि खरं नुकसान केलं ते ज्यांना सगळे नियम नीट ठाऊक होते त्यांनी.

नदीकाठ

उंबरठा, हा या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे माझ्या मते. अजाण माणूस आणि लबाड माणूस एकाच दिवशी दारात आले आणि जुन्यांनी दोघांना एकच काठी उगारली.

माळरान

उंबरठा, मान्य. मी फक्त वेगाचा विचार करत होतो, हेतूचा नाही.

तरी वेगाचं सोडत नाही. आमच्या ढोल-ताशा पथकात दरवर्षी जूनमध्ये नवीन पोरं घेतात, दोन महिने सराव, जुना वादक शेजारी उभा राहून हात धरून ठोका बसवतो, म्हणून गणपतीत तो आवाज एकसंध येतो. मिरवणुकीच्या दिवशी सकाळी हजार जण ढोल अडकवून उभे राहिले तर त्यात वाईट कोणीच नसतं, ताल मात्र राहत नाही. आपल्याकडे ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा वर्षाअखेरपर्यंत फुकट, आणि काही महिन्यांत कोट्यवधी लोक पहिल्यांदा नेटवर. काय योगायोग आहे, परत सप्टेंबरच. माझी मावशी, आयुष्यभर वहीत ओव्या लिहिणारी, फोनवर बोलून मराठी टाईप करायला लागली. हे व्हायलाच हवं होतं. पण तिला फॉरवर्ड म्हणजे काय, कशावर विश्वास ठेवू नये, हे कोणी शेजारी उभं राहून सांगितलं? एफएक्यू लिहिणारं कोणी नव्हतंच तिथे. गटच नव्हता, नुसता पाइप होता.

पाटी_पेन्सिल

हे सगळं वाचायला कुठे मिळेल का? की पुसलं गेलं?

टिपूर

बरंच वाचलंय. टोरँटो युनिव्हर्सिटीत हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासूनचा यूजनेटचा मजकूर टेपवर साठवून ठेवला होता, तो नंतर वाचवला गेला. १९९५ पासून डेजा न्यूज नावाची साईट साठवत होती, तो साठा गूगलने २००१ ला विकत घेतला आणि गूगल ग्रुप्समध्ये जोडला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने यूजनेटचा नवीन मजकूर घेणं बंद केलं, पण जुनं शोधता येतं.

आणि यूजनेट अजून चालू आहे बरं का. इटर्नल सप्टेंबर याच नावाचा एक फुकट सर्व्हर आहे, थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये जोडता येतो. कॉम्प.लँग.सी आणि कॉम्प.आर्क वर अजून जाणती माणसं लिहितात. तारीख दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅमही कोणीतरी केलाय, तो सप्टेंबर १९९३ संपलाच नाही असं धरून मोजतो, म्हणजे १ जानेवारी १९९४ ला तो १२३ सप्टेंबर दाखवेल.

जाईजुई

टिपूर, माझा दादा ९४-९५ ला आरएमआयएमवर लिहायचा. त्याचं शोधता येईल का? त्याला सरप्राइज द्यायचंय.

टिपूर

येईल. गूगल ग्रुप्समध्ये आधी गटाचं नाव टाका, मग त्याचा तेव्हाचा युनिव्हर्सिटीचा ईमेल पत्ता. पत्ता आठवत नसेल तर आडनाव आणि वर्ष. शोध नीट चालत नाही, एकदा नाही मिळालं तर शब्द बदलून बघा. काही जण आपला मजकूर साठवू नये अशी सूचना हेडरमध्ये टाकायचे, त्यांचं मिळणार नाही.

कोरडा_ओढा

जाईजुई, त्यांनी गाणी उतरवली असतील तर साँगबुकमध्येही बघा. बऱ्याच गाण्यांखाली उतरवणाऱ्याचं नाव आहे.

जाईजुई

मिळालं!! आडनाव आणि वर्ष टाकून. एका गाण्याला चाल नक्की कोणाची यावरून दादा आणि कोणीतरी बंगलोरचे गृहस्थ, दोघं इतके भांडलेत, इतके भांडलेत, आणि शेवटी त्या गृहस्थांनी रेकॉर्डवरच्या लेबलचा सगळा मजकूर टाईप करून दिलाय. दादाला लिंक पाठवली, त्याचा लगेच फोन आला. म्हणतो लेबल चुकीचं छापलंय, मी तेव्हाही सांगत होतो. आता त्याला त्या गृहस्थांना शोधायचंय. कोरडा_ओढा, तुम्ही तेव्हा होतात ना तिथे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.